जोडीचं वजन

हिच्यासोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे वजन. इथे आखातात, अल नहदात आमच्या बिल्डिंगखाली फार्मसी आहे. तिथल्या काट्यावर आम्ही दोघं एकदमच चढायचो. आपला एकटीचा आकडा परक्या माणसाने बघायचा नाही, हा हिचा हट्ट. मग एकमेकांना धरून उभं राहायचं आणि घरी येऊन सुनेला जोडीचं वजन सांगायचं.

फार्मसीवाला म्हणायचा, "चाचा, एक एक करके." ही म्हणायची, "निकाह एक एक करके हुआ था क्या?"

डॉक्टरने दोघांनाही वजन उतरवायला सांगितलेलं. म्हणून संध्याकाळी पार्कात चालायचं आणि रात्री उकडलेला दुधी गिळायचा. त्या दिवशी आकडा जरा खाली आला. ही म्हणाली, "उतरलंय ते माझं. तुम्ही चोरून खाता."

त्याच रात्री ती झोपेत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दफन केलं.

दफनानंतरच्या सकाळी शेजाऱ्यांनी बिर्याणीचं पातेलं पाठवलं, कारण मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. सून म्हणाली, "अब्बा, तुम्हाला बिर्याणी नको. कुणाकडून तरी दुधी उकडून मागवते."

मी म्हटलं, "दुधी खलास. जोडीचं वजन एका दिवसात अर्ध्यावर आलंय, अजून किती उतरवू?"

आणि पातेलं पुढ्यात ओढून मी दोन माणसांचं जेवलो.