दादाच्या गोठवलेल्या पेशी आणि माझा संशय

गेल्या महिन्यात मी मुंबईच्या एका हॉस्पिटलात भांडायला गेले होते... हो, भांडायलाच. मालवणात माझी खानावळ आहे, आणि कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी सख्ख्या मामाकडूनही मासा घेत नाही.

कसालच्या माझ्या दादाला रक्ताचा कॅन्सर. पाच वर्षांपूर्वी त्याच्याच रक्तातून स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी काढल्या. अर्ध्या तेव्हाच परत चढवल्या, उरलेल्या गोठवून ठेवल्या.

आता आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, जबरदस्त औषध देऊ, त्यात हाडांतली मज्जा मरेल, मग त्या जुन्या पेशी सोडू...

आणि त्याच मेलेल्या निघाल्या तर? दादा गेलाच की! अहो, पाच महिन्यांची सुरमई मी गिऱ्हाईकाला वाढत नाही, आणि हे पाच वर्षांचं चढवणार? आमच्याकडे जरा वारा सुटला की लाइट जाते... तिकडे कधी गेलीच नसेल कशावरून?

लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या, टाकी लाइटवर चालतच नाही, आत द्रव नायट्रोजन असतो, रोज पातळी बघतो. सांगायला काय जातंय! मी म्हटलं, त्या पेशींची पिशवी बाहेर काढा, मला बघायचीय.

दादाने कपाळावर हात मारला. "बाये, गप रव गो!"

"काढली की वितळणार," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "मग परत गोठवता येत नाही." वितळलेला मासा परत फ्रीजरात टाकला म्हणून मी खानावळीत सगळ्यांना फाडून खाते, आणि इथे दादाचा जीवच बाहेर काढायला निघाले होते.

"आमचाही विश्वास नसतो, ताई," त्या म्हणाल्या. "म्हणून पिशवीसोबत त्याच पेशींची एक छोटी नळी गोठवलेली असते. आधी ती उघडून तपासतो, मगच औषध सुरू."

दुसऱ्या दिवशी ती नळी तपासताना मी हट्टाने स्क्रीनवर दाखवायला लावलं. मेलेल्या पेशी रंग पिऊन निळ्या होतात म्हणे, जिवंत स्वच्छ राहतात. निळे ठिपके थोडेच... बाकी सगळ्या स्वच्छ. दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायला गेले तर डोळ्यांत पाणी, काही दिसेचना.

औषध झालं, पिशवी चढवली. बाराव्या दिवशी रक्तातल्या पेशींचे काउंट वर आले. काल दादा फोनवर म्हणतो, "आता भूक लागता गो."

संशयी माणूस कुणाला आवडत नाही. पण माझ्याहून संशयी माणसं त्या लॅबमध्ये होती हे माझं नशीब... पाच वर्षांपूर्वीच्या दादाने आजच्या दादाला वाचवलं, आणि इतकी वर्षं त्याची राखण केली ती या अनोळखी लोकांनी.