माझ्या चेहऱ्याने उघडलेला फोन

त्या वर्षी मी एक विज्ञान-थरारकथा लिहीत होतो. दिवसा कचेरीत कारकुनी आणि पहाटे, महाल या जुन्या वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत, आई उठायच्या आत दोन पानं. कथेतला शास्त्रज्ञ माणसांच्या हुबेहूब प्रती बनवायचा आणि त्या प्रती मूळ माणसांची घरं बळकावायच्या.

एका शनिवारी गांधीबागेत चादरी घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, परवाच तर नेल्या तुम्ही. खराब निघाल्या का?" मी त्या दुकानात पहिल्यांदाच गेलो होतो. हसून सोडून दिलं. पण आठवड्याने बसथांब्यावर एका म्हाताऱ्या बाईने माझा दंडच धरला.

"काहून गा, माय दवाखान्यात पडली अन् तू इथं फिरून राहिला?"

"मावशी, मी तो नाही."

"मस्करी नको करू. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत लहानाचा मोठा होताना पाहिलं तुले."

तिची बस आली, ती निघून गेली. माझं मात्र लिहिणं थांबलं. दाढी करताना आरशातल्या चेहऱ्याकडे पाहायचं मी टाळू लागलो. शेवटी भाजी निवडत बसलेल्या आईला विचारलं, "मी एकटाच जन्मलो होतो ना?"

तिने मान वर केली. "काय बोलून राहिला तू? दोन झाले असते तर एक ठेवून आली असती का मी?"

त्या रविवारी कोळशाच्या ट्रकांमागून सरकत जाणाऱ्या बसने कोराडीला गेलो. कॉलनीच्या फाटकावरच्या रखवालदाराने मलाच सलाम ठोकला. "तुमच्या मायले घरी आणलं म्हणते, बरं झालं भाऊ." त्यालाच खरं सांगून त्या दुसऱ्याच्या क्वार्टरचा पत्ता विचारला. तो माझ्याकडे पाहतच राहिला, मग हातानेच वाट दाखवली.

दार माझ्याच चेहऱ्याच्या माणसाने उघडलं. त्याने मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. मग तो म्हणाला, "या, बसा."

आत बुद्धाची तसबीर होती आणि खाटेवर त्याची आई. तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. "ताप चढला वाटते मले," ती पुटपुटली.

आम्ही जन्मगाव, आडनाव, नातेवाईक सगळं ताडून पाहिलं. काहीच जुळेना. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. वडलांचा फोटो दाखवायला त्याने फोन माझ्या हातात दिला, पण तेवढ्यात पडदा बंद झाला. मी तो तोंडासमोर धरला आणि फोन उघडला.

त्याने तो झटकन काढून घेतला. "माझं सगळं याच्यात आहे," तो म्हणाला.

मी माझा फोन पुढे केला. त्याच्या चेहऱ्याने तोही उघडला. मीही तो तितक्याच घाईने परत घेतला.

मग मी कथेबद्दल सांगितलं. "अन् आपल्यातली नक्कल कोण?" त्याने विचारलं. "मी का तुम्ही?"

बसमध्ये बसल्यापासून मी नक्कल त्यालाच धरून चाललो होतो. मीही असू शकतो, हे मनातही आलं नव्हतं. माझ्या कथेतल्या प्रतींना मी कधी एक प्रश्नही विचारू दिला नव्हता. लाज वाटली.

निघताना आम्ही एकमेकांकडे पाठ करून, चेहऱ्याचं कुलूप काढून फोनला नवे आकडे घातले. नंबर मात्र घेतले. ती कथा मी पुढे लिहिली नाही.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. "माय गेली सकाळी," तो म्हणाला. मी लगेच निघतो म्हटलं.

"नका येऊ भाऊ," तो म्हणाला. "लोक तुमच्याच गळ्यात पडून रडतील. आज तरी माझा चेहरा माझ्या एकट्याचा राहू द्या."

मी गेलो नाही. दिवसभर दोन खोल्यांत येरझारा घालत राहिलो. काय झालं म्हणून आईने दोनदा विचारलं, तेव्हा मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडू लागलो.