माणूस खवट होतो म्हणणारे सर

"माणूस आतून खवट होतो हो, शेंगदाण्यासारखा," असं आमचे रसायनशास्त्राचे सर भेटेल त्याला सांगत. तुम्हीही पाहिले असतील असे. लग्नाच्या पंगतीत चुलीचा धूर आला की शेजारी बसलेल्या व्याह्यालाही ते हेच ऐकवत. तो बिचारा पानातली जिलबी हुंगून बघायचा.

जळगावच्या कॉलेजात मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. नव्वदच्या आसपास त्यांनी एका डाळ मिलमधली धूळ मोजायचं मनावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, नुसत्या लष्कराच्या भाकऱ्या. धूळ ओढणारं यंत्र डाळ चाळणाऱ्या विजेच्या चाळणीपाशी लावून दोन हंगाम स्टुलावर बसले. धूळ फुप्फुसात गेली की शरीरातली चरबी खवटते, हे त्यांना हमालांच्या रक्तात दाखवायचं होतं. रक्तात औषध घालून नळी उकळायची. खवटपणा जेवढा जास्त, तेवढा रंग गुलाबी.

रक्त द्यायला कोण येणार? सर माणशी सहा केळी द्यायचे. दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा रांगेत.

त्या चाळणीवर कामाला नाना होते, साठीचे, खोकून बेजार. त्यांना दुसरं काम द्या म्हणून सर शेठच्या मागे लागलेले. शेठ म्हणाले, "पुरावा आणा." सरांनी नळ्या मिलमध्येच ओळीनं मांडल्या. एक राहिलेली नळी घेऊन मी उशिरा पोचलो, तर आत गूळ-फुटाणे वाटणं चाललेलं.

"बठ्ठासमा मनी नळी गुलाबी शे, भाऊ," नाना मला म्हणाले. सगळ्यांत गुलाबी नळी आपली, याचा त्यांना कोण आनंद.

"मानवतंय मिलचं पाणी," शेठनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. घ्या! झाला पुरावा.

सरांनी नानांना बाजूला बसवून सगळं समजावलं. मग नाना माझ्या हातातल्या नळीकडे बघून म्हणाले, "हाई तं आखो गुलाबी शे. कोनी शे?"

तुलनेला एक निरोगी माणूस लागतो, म्हणून सरांनी स्वतःचं रक्त दिलं होतं. तिचा रंग नानांच्या नळीहूनही गडद होता; तो मी वाटेतच पाहिला होता. सांगायचा धीर झाला नव्हता.

"माझी," सर म्हणाले.

नानांनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना फाटकाबाहेर नेलं. धूळ ओढणारं यंत्र उचलून मीही मागोमाग गेलो.

"सर, तुम्ही आते आठे येऊ नका."

"आणि तुम्ही, नाना?"

"मनं तं काम शे."

नानांनी फाटक ओढून घेतलं. जरा वेळानं आत चाळणी सुरू झाली. मी सायकलला यंत्र बांधत राहिलो, कारण सर रडत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.