रक्त कुठून येतंय?

मी सिनेमात जखमा करते. काम मेकअपचंच, पण माझ्यासमोर नवऱ्यामुली बसत नाहीत, मरणारी माणसं बसतात. दोन-तीन वर्षांपूर्वी वारज्यातल्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये आम्ही छोटा सिनेमा करत होतो. भरपूर रक्त आणि भरपूर विनोद. त्यातला सोसायटीचा चेअरमन डोक्यात सत्तूर रुतलेला असतानाही पार्किंगचे नियम वाचून दाखवतो आणि मगच मरतो.

चेअरमन झालेले काका शनिवार पेठेतले, बँकेतून निवृत्त, हौशी नाटकांतले जुने नट. मी त्यांच्या कपाळावर सत्तूर चिकटवला, छातीपासून पोटापर्यंत सिलिकॉनची फाटकी कातडी आणि आतडी बसवली, वरून साखरेच्या पाकात खायचा रंग कालवून केलेलं रक्त ओतलं. आरशात बघून ते म्हणाले, "छान. निदान पोट कमी दिसतंय."

टेक सुरू झाला. दोन नियम वाचून काका थांबले. छातीवर हात गेला आणि भिंतीला टेकत ते हळूहळू खाली बसले. कॅमेऱ्यामागे सगळे तोंड दाबून हसत होते. मीसुद्धा. तेवढ्यात त्यांच्या कपाळावरच्या खोट्या कातडीची कड सुटताना मला दिसली. भरपूर घाम आल्याशिवाय ती सुटत नाही, आणि खोलीत एसी चालू होता.

"काका, बरं वाटतंय ना?"

"ताई, टेक चाललाय," दिग्दर्शक वैतागला. तो जेमतेम पंचविशीचा.

"डावा हात जड झालाय," काका पुटपुटले. त्यावरही कोणीतरी हसलं. मग मात्र दिग्दर्शकाने कट म्हटलं.

दिग्दर्शकाच्याच गाडीतून आम्ही त्यांना हॉस्पिटलला नेलं. मी मागे त्यांचं डोकं धरून बसले होते. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंनी आत डोकावलं. सिग्नल सुटला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

कॅज्युअल्टीत एकच धावपळ उडाली. एक सिस्टर पोटावर कापसाचे बोळे दाबायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कुठून येतंय?"

"ते खोटं आहे. त्यांच्या छातीत दुखतंय."

"आणि डोक्यातलं?"

"तेही खोटं."

मलाच तपासायला हवं, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काका डोळे मिटूनच म्हणाले, "ती खरं सांगतेय. सगळं खोटंय."

ईसीजीच्या वायरी त्या पाकावर चिकटेनात. एरवी सिलिकॉनची कातडी मी तेल लावून सावकाश सोडवते. आता ओढून काढलं. छातीवरचे केसही त्याच्याबरोबर आले आणि काका कळवळले. मी ओल्या फडक्याने पुसत होते, पण गुलाबी ओघळ थांबत नव्हते. अखेर मशीनमधून कागद बाहेर आला. अटॅकच होता.

काकू पोहोचल्या तेव्हा ट्रेमध्ये आतडी होती, त्यांच्यावर सत्तूर, आणि मी कोपरापर्यंत लाल.

"काकू, हे माझं आहे. म्हणजे मी केलेलं..."

"तुम्ही केलंत ते दिसतंय. ह्यांना काय झालंय ते सांगा."

मी सांगितलं. अँजिओप्लास्टी होईपर्यंत त्या माझा चिकट हात धरून बाकावर बसून राहिल्या. डॉक्टर बाहेर येऊन "वेळेत आणलंत" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी हात सोडला.

काका घरी आल्यावर काही आठवड्यांनी दिग्दर्शक मला घेऊन त्यांच्याकडे गेला. तो टेक अप्रतिम झाला होता आणि त्याला तो ठेवायचा होता. त्याने लॅपटॉप उघडला. काका पहिल्या नियमाला हसले, दुसऱ्यानंतर त्यांनी नजर वळवली. काकूंनी शेवटपर्यंत पाहिलं.

"ह्यात हसायचं कुठे?" त्यांनी विचारलं. अगदी साधेपणाने, टोमणा नव्हता.

दिग्दर्शकाने लॅपटॉप अर्धा मिटला. काका म्हणाले, "काढून टाक. तो अभिनय नव्हता." त्याने तिथेच तो टेक पुसून टाकला. सिनेमा पुढे दुसऱ्या नटाला घेऊन पूर्ण झाला. लोक हसतात, किंचाळतात.

त्या दिवशी जिना उतरल्यावर दिग्दर्शक गाडीपाशी थांबला. "ताई, तुम्ही बोलला नसतात तरी मी कट म्हटलं असतं ना?"

"म्हटलं असतंस," मी म्हणाले. मला खात्री नव्हती.