पहिली वायर कोणती

रविवार, १९ जानेवारी. सकाळी साडेनऊ, घरामागचं पत्र्याचं शेड. हजर: मामा, आमचे हे आणि मी. मिस्त्री फोनवर. शेजारच्या काकू कंपाउंडच्या भिंतीपलीकडून, न बोलावता.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा नव्वदीला टेकलेत, नजर उत्तम, कान ठीक, गुडघे कामातून गेलेले. मिस्त्री म्हणजे ज्यांनी तीस वर्षं आमची जुनी गाडी सांभाळली ते. आता तेही घरीच असतात, कारण गाडीखाली शिरलं की त्यांना बाहेर ओढून काढावं लागतं. आणि गाडी म्हणजे दुधी रंगाची, बुटकी, स्टिअरिंगजवळच गिअरचा दांडा असलेली. चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. दिवाळीनंतर आम्ही ती उघडली.

त्या दिवसाचं काम: गाडी सुरू करणे. वहीत ओळ क्रमांक सदतीस. आधीच्या छत्तीस ओळींवर खुणा झालेल्या होत्या: पेट्रोलची टाकी धुणे, कार्ब्युरेटर उघडून साफ करणे, ब्रेकचं तेल, चारही टायर, उंदरांनी खाल्लेली सीट, वगैरे. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. काढलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लागली पाहिजे आणि चिठ्ठीवरचा आकडा वहीत सापडला पाहिजे, हे माझ्या हाताला लागलेलं वळण आहे. घरात याची चेष्टा होते, पण हरवलेला पाना मलाच विचारतात.

एवढा खटाटोप मामांसाठी चालला होता. आमची नवी गाडी उंच आहे. तिच्यात शिरायला पाय एवढा वर घ्यावा लागतो, तो मामांना घेता येत नाही. पाट ठेवून पाहिला, प्लास्टिकचं स्टूल ठेवून पाहिलं. शेवटी एका बाजूनं हे आणि दुसऱ्या बाजूनं मी, असं काखेत धरून त्यांना आत बसवायचो. डोळ्यांच्या दवाखान्यातून असंच परत आल्यावर मामा म्हणाले, "पोतंबी असं कोंबत नाय कोणी. पाठीवर घेतात." त्यानंतर त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. लग्न नाही, बारसं नाही, कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा घरी यायला लागला.

जुन्या गाडीचं तसं नाही. तिची पुढची सीट बाकासारखी सलग, खुर्चीच्या उंचीची. बूड टेकवायचं, पाय आत घ्यायचे, सरकायचं. माणूस माणसासारखा बसतो.

त्यात पैठणहून आक्कांचा निरोप आला. आक्का मामांच्या थोरल्या बहीण. लेक त्यांना पुण्याला घेऊन चालली होती, कायमची, एक फेब्रुवारीला. मामा म्हणाले, "जाण्याआधी भेटून येतो. पण माझ्या गाडीत. आपल्या पायानं."

तर रविवारी ह्यांनी किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र, आणि कार्ब्युरेटरमधून फाट्ट! वीतभर जाळ वर आला. हे बाहेर उडी मारून उभे. शेडमागच्या जांभळावरचे पोपट उडून गेले.

"कुणाचं लग्न आहे का हो?" काकूंनी भिंतीवरून विचारलं.

"इंजिनाचं," मामा म्हणाले. "नवरी रुसली."

दुसऱ्यांदा फाट्ट. तिसऱ्यांदा फाट्ट, आणि सायलेन्सरमधून एक धडाका वेगळा. फोनवर मिस्त्री ऐकत होते. "भाभी, आवाज आया मेरेकू. वायरां इधर के उधर हुए. एक, तीन, चार, दो, ऐसा है क्या देखो."

सोपं करून सांगते. या इंजिनाला चार प्लग असतात, एका ओळीत. त्यांनी पाळीपाळीनं ठिणगी टाकायची असते: आधी एक नंबर, मग तीन, मग चार, मग दोन. ठिणग्या वाटणारा एक काळा डबा असतो, त्यातून चार वायरी निघून चार प्लगांना जातात. मी डब्याच्या टोपणापासून चारही वायरींवरच्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. एक, तीन, चार, दोन. बरोबर.

"फिर कचरा होगा," मिस्त्री म्हणाले.

मग तीन दिवस आम्ही कचरा शोधला. मी वहीत नवीन पान काढलं. सोमवारी पेट्रोल येतं का: येतं. मंगळवारी ठिणगी पडते का: पडते, ह्यांच्या बोटालाही पडली. बुधवारी कार्ब्युरेटर पुन्हा उघडून फुंकला. त्यात कचरा कणभरही नव्हता, कारण तो मीच साफ केला होता. रोज कामावरून आल्यावर दिवेलागणीपर्यंत हे चाललेलं. रोज शेवटी किल्ली, रोज फाट्ट. काकू आता वेळ सांगायला लागल्या होत्या: "आज दहा मिनिटं उशीर झाला."

मामा शेडमध्ये खुर्ची टाकून बसत, पाने पुसून हातात देत. बुधवारी आक्कांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "यायचं का नाय ते रविवारी सांगतो," मामा म्हणाले. मग बराच वेळ नुसतं व्हय, व्हय. फोन ठेवून त्यांनी तोच पाना दुसऱ्यांदा पुसला.

हे वडिलांना म्हणाले, "दादा, मी तुम्हाला उचलून बसवतो आपल्या नव्या गाडीत. एकदाच. आत्याला भेटून तर येऊ."

"एकदाच कशाला? चार जण उचलणारच हायेत पुढं. त्यांच्या पोटावर पाय देतो व्हय?"

गुरुवारी सकाळी मी कारखान्यातून मिस्त्रींना फोन केला. म्हटलं, गुडघे दुखत असले तरी या, गाडीखाली शिरायचं काम नाही, रिक्षा पाठवते.

मिस्त्री संध्याकाळी आले. पांढरा कुर्ता, हातात घरून आणलेला एकच स्क्रू-ड्रायव्हर. मामांना "सलाम, साब" करून ते ड्रायव्हरच्या बाजूला स्टुलावर बसले, इंजिनाकडे तोंड करून. माझी वही मी पुढे केली. त्यांनी ती आदरानं बाजूला ठेवली.

"वही रहने दो भाभी. एक नंबर प्लग कौनसा, दिखाओ."

मी बोट दाखवलं. त्याच क्षणी मामांनीही दाखवलं. माझं बोट ओळीच्या डाव्या टोकाला, मामांचं उजव्या टोकाला.

"मामा, तो चार नंबर."

"चार कसा? एक."

"डावीकडून एक, दोन, तीन, चार."

"डावीकडून कोण मोजतं?"

"सगळं जग मोजतं!"

"मी नाय मोजत," मामा म्हणाले. "आमच्या शाळेत उजवीकडून मोजायचे."

आणि मग मला उमगलं. मामांची शाळा निजामाच्या राजवटीतली. पाचवीपर्यंत सगळं उर्दूत. पुढं मराठी शिकले, सिंचन खात्यात नोकरी केली, पण स्वतःपुरतं काही टिपायचं असलं की अजून उर्दूतच टिपतात, उजवीकडून डावीकडं. दिवाळीनंतर प्लगांवरून वायरी काढल्या त्या त्यांनीच. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे तुकडे करून त्यावर उर्दू आकडे घातले आणि एकेका वायरीला बांधले. मला ते वाचता येईनात. चार तर आपल्या चारासारखा मुळीच दिसत नाही. मी मामांसमोर बसून एकेक विचारला, हा कितीचा, तो कितीचा, आणि कारखान्यातल्या चांगल्या जाड चिठ्ठ्यांवर उतरवून घेतला. त्यांचे तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. आकडे चारही बरोबर होते. मोजायला सुरुवात कुठल्या टोकापासून, ते मी विचारलं नाही. नवे प्लग बसल्यावर वायरी मीच लावल्या, डावीकडून. एक नंबरची वायर पोचेना, ओढून लावावी लागली, तेव्हा जुन्या वायरी आक्रसल्या असतील असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

मिस्त्री हसत सुटले. स्टूल हलायला लागलं.

"भाभी, एक नंबर हमेशा पंखे की तरफ से. दुनिया कहीं से भी गिने."

पंखा गाडीच्या नाकाशी असतो. ड्रायव्हरच्या बाजूला उभं राहिलं की नाक उजव्या हाताला येतं. म्हणजे मामांची शाळा आणि मिस्त्रींचा पंखा एकाच बाजूला, आणि मी माझ्या चिठ्ठ्यांसकट दुसऱ्या.

"पण मग क्रम कसा बरोबर आला?" ह्यांनी विचारलं. मला तोच प्रश्न पडला होता, म्हणून मी तो मांडून पाहिला. एक, तीन, चार, दोन हे आकडे गोलात लिहायचे. मग एकाच्या जागी चार, दोनाच्या जागी तीन, अशी उलटी मोजणी करून पुन्हा लिहायचे. गोल फिरत वाचलं की तोच क्रम येतो, फक्त अर्धा फेरा सरकलेला. कोणीही तपासलं तरी बरोबरच दिसणार. ठिणगी मात्र पेट्रोल आत यायचं दार उघडं असताना पडणार, आणि जाळ त्या दारातून बाहेर.

चार वायरी उलट्या लावायला दोन मिनिटं लागली. एक नंबरची वायर न ओढता पोचली. ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात लागली. घरघरत, खोकत, निळा धूर सोडत, पण लागली. काकूंनी भिंतीपलीकडून टाळ्या वाजवल्या. मामा खुर्चीतून उठले, गाडीच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, वहीत लिही. पहिली उजवीकडून."

मी लिहिलं. वायरी आक्रसल्याच्या ओळीवर काट मारली आणि चूक कोणाची, तेही लिहिलं.

रविवार सव्वीस जानेवारी, झेंडावंदन आटोपून निघालो. मामा पुढे डावीकडे बसले, स्वतःचे स्वतः: बूड, एक पाय, दुसरा पाय. मी मागे, पाण्याचे दोन कॅन, वायरचं भेंडोळं आणि वही घेऊन. मिस्त्रींनी चाळीसच्या वर जायचं नाही असं बजावलं होतं. उसाच्या ट्रॅक्टरांनी आम्हाला मागे टाकलं. बिडकीनला इंजिन थंड करायला थांबलो, मामांनी दार उघडून पाय बाहेर सोडले आणि बसल्याबसल्या चहा घेतला. पैठणला आक्कांच्या घरासमोर गाडी उभी केली तेव्हा साडेअकरा झाले होते.

मामांनी दाराचा खटका ओढला. खटका हातात आला.

"थांबा, बाहेरून उघडतो," हे म्हणाले आणि उतरून वळसा घालायला निघाले.

"थांबत नाय," मामा म्हणाले. एव्हाना ते सरकायला लागले होते. बाकावरून एकेक वीत, स्टिअरिंगखालून, एक हात सीटच्या पाठीवर. मी मागून त्यांचा खांदा धरणार होते, तो हात मी मांडीखाली घेतला. चार-पाच मिनिटं लागली असतील. मामा ड्रायव्हरच्या दारातून बाहेर आले, टोपी सरळ केली आणि उभे राहिले.

आक्का काठी टेकत उंबऱ्यात आल्या होत्या. त्यांनी भावाकडं पाहिलं, मग ज्या दारातून तो उतरला त्या दाराकडं.

"ऑं! तूच चालवत आलास व्हय रं?"

"मग!" मामा म्हणाले.

आम्ही दोघं गाडीतलं सामान काढायला लागलो. आक्कांनी भावाच्या दंडावर एक चापट मारली, "म्हातारा झालास, लाज नाय वाटत," आणि तोच दंड धरून आत नेलं. दोघांच्या गप्पा चार वाजेपर्यंत चालल्या. शनिवारी आक्का पुण्याला गेल्या. तिथं त्या सगळ्यांना सांगतात, माझा भाऊ नव्वदीत गाडी चालवतो. आम्ही खोडून काढलेलं नाही.

वहीत ओळ एकोणचाळीस: डाव्या दाराचा आतला खटका. जुन्या स्पेअरच्या तीन दुकानांत विचारून झालं, कुणाकडे नाही. कन्नडकडे एका शेतात तसलीच गाडी उभी आहे आणि तिचं डावं दार शाबूत आहे, असं मिस्त्री म्हणतात. बघायला जायचं आहे. दर रविवारी मी विषय काढते. मामा म्हणतात, घाई काय आहे. ओळीवर खूण झालेली नाही.