हाकेच्या पुढची ओळ

देवाशी माझं भांडण झालं, त्या वर्षीची ही हकिकत आहे. भांडण तसं एकतर्फीच होतं. तो काही बोलत नव्हता आणि मी काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. आमचा मल्लू, एकुलता एक, दुसरीत शिकणारा, ऐन उन्हाळ्यात तापानं फणफणला. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्यांच्याकडून काही बाकी ठेवलं नाही. मीही दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मला येत होतं नव्हतं ते सगळं देवाचं म्हटलं, आणि तरी पोर गेलं. आमच्यात दहन करत नाहीत, कपाळी विभूती लावून, बसवून मातीत ठेवतात. मी स्वतः त्याला खाली उतरवला. घरी आल्यावर सवयीनं देव्हाऱ्यापुढं बसलो, पण काय म्हणावं तेच सुचेना, म्हणून उठून दुकान उघडलं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि मागच्या बाजूला राहायच्या खोल्या. वडिलांच्या काळापासून श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी दुकानाला लागूनच्या आमच्या सोप्यात शंकराची पोथी लागते आणि गल्लीतल्या बायका ऐकायला येतात. वडिलांमागं वाचन माझ्याकडं आलं. भांड्यांच्या खणखणाटात वाढलेला माणूस मी, आवाज मोठाच असणार. तेव्हा गल्लीत केबल नुकतीच आली होती आणि मालिकांपायी थोड्या बायका गळाल्या होत्या, पण एका सोमवारी मात्र सोपा भरायचाच. त्या सोमवारी राजाराणीच्या पोराचा अध्याय असे.

ती गोष्ट आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. शिवभक्त राजाराणी, दारी आलेल्या अतिथीला कधी विन्मुख न पाठवणारे. एक दिवस जोगी येतो आणि जेवणात त्यांचं पोरच मागतो. वर अट घालतो, की आईनंच रांधायचं आणि डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. ती माउली तेही करते. पान वाढल्यावर जोगी म्हणतो, निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, तुझ्या मुलाला हाक मार. ती म्हणते, कुठून मारू? तो म्हणतो, मार. ती दारात जाऊन हाक मारते आणि पुढच्या ओळीत पोरगं हसत धावत येतं.

आमच्या गल्लीची रीत अशी, की वाचन त्या हाकेशी आलं की मी थांबायचं. मग ऐकणाऱ्या बायका उठून दारात जातात आणि आपापल्या पोरांना नावानं हाका मारतात. तालमीच्या कट्ट्यावर, नळापाशी खेळणारी पोरं त्याचीच वाट बघत असतात. धुरळा उडवत आत शिरतात, आया त्यांच्या हातावर खोबरं-साखर ठेवतात, आणि मग मी पुढची ओळ वाचतो. हे कुणी सुरू केलं, कुणाला माहीत नाही. मी स्वतः लहानपणी त्या हाकेला धावत आलोय, आणि मल्लू तर सगळ्यांच्या आधी उंबरा ओलांडायचा. नाव नीट पुरं व्हायच्या आत हजर, म्हणून बायका त्याला चिडवायच्या.

मल्लू गेल्यावर माझ्या चुलतीनं शांताला, माझ्या बायकोला, जवळ घेऊन सांगितलं होतं, "रडू नगंस बाळ. आईच्या डोळ्यातल्या पाण्यानं पोराची वाट निसरडी हुती." चुलतीच्या मनात माया होती, तिला कशाला दोष देऊ? पण शांतानं ते अक्षरशः पाळलं. ती रडली नाही. स्वयंपाक करायची, झाडलोट करायची, विचारलं तर "हं" म्हणायची. मल्लूचं नाव तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. दप्तर खुंटीला होतं, त्याच्याखालून ती मान खाली घालून जायची. ताटातली भाकरी तशीच राहायची. अंगावरचं पातळ दिवसेंदिवस सैल दिसायला लागलं. मी बोलायला गेलो की माझ्याकडं बघायची, पण त्या बघण्यात मी कुठंच नसायचो. पोर तर गेलंच होतं, आता ही पण माझ्या डोळ्यांदेखत चाललीय, हे मला कळत होतं आणि मला भयंकर भीती वाटत होती.

श्रावण आला. मी पोथी वाचणार नव्हतो. ज्यानं मागून नेलं आणि परत दिलं त्याची गोष्ट मी का वाचावी? माझं तर न विचारताच नेलं. पण शेजारच्या पारूकाकू म्हणाल्या, "वडलार्जित वाचन हाय, मोडू नगा. तुमच्या रागाला द्येव भीत न्हाय." मी चिडून म्हणालो, मग वाचतो, बघू कोण कुणाला भितो ते. पहिले सोमवार कसेबसे पार पडले. शांता स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसायची. ऐकायची की नाही, देव जाणे.

तो अध्याय जवळ आला तसा मी एक बेत केला. जोगी दारात येतो तिथवर वाचायचं आणि मधली पानं सोडून थेट देव प्रसन्न झाले तिथं उडी मारायची. कुठून धरायचं ते चुकू नये म्हणून त्या जागी बेलाचं पान घालून ठेवलं. घेतलेला अध्याय अर्धा टाकायचा नाही, अक्षर गाळायचं नाही, हे वडिलांनी मला रागावून शिकवलं होतं. पण त्या दिवशी मला वडिलांचंही ऐकायचं नव्हतं. गल्लीतल्या बायकांनीही आपसांत ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं. सगळ्यांनी आपापली पोरं घरात टीव्हीपुढं बसवून दारं ओढून घेतली होती. शांतापुढं कुणी पोराला हाक मारायची नाही, असा तो कट. खरं तर उन्हाळ्यापासूनच आमच्या दारासमोर सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या. कोल्हापुरात गल्ली हळू बोलायला लागली म्हणजे समजा, केवढं दुःख झालेलं असतं.

वाचन सुरू झालं आणि थोड्या वेळानं दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे, काखेत पिशवी. "अप्पा, कळशी घ्यायला आलते. पोथी चाललीया व्हय? बसू का वाईच?" बोलण्यावरून गडहिंग्लजकडची वाटली. देवीच्या दर्शनाला म्हणून एसटीनं आली होती. मी बसा म्हणालो. ती उंबऱ्याच्या आत टेकली आणि हात जोडून ऐकायला लागली.

मी ठरल्याप्रमाणं जोग्याला दारात आणलं, बेलाचं पान उचललं आणि पलीकडून वाचायला लागलो.  ज्यांना पोथी पाठ होती त्या बायका खाली बघत होत्या. एवढ्यात म्हातारी म्हणाली,

"अप्पा, थांब. जोग्याला तर दारात आणलास. पोरगं कुठं ऱ्हायलं?"

"पुढं हाय," मी म्हणालो.

"पुढं कुठलं? आमच्याकडं कानडीत सांगत्यात ही कथा, मी काय पयल्यांदा ऐकतीया व्हय? पोराला गाळलास की तू."

पारूकाकूंनी पुढं सरकून तिच्या कानाशी सगळं सांगितलं. म्हातारीनं शांताकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "मग तर वाचायलाच पायजे."

मला असा संताप आला. कोण कुठली बाई, माझ्या घरात येऊन मला पोथी शिकवते! त्या रागातच मी पानं मागं उलटली आणि वाचायला लागलो. म्हटलं घ्या, ऐका. जोग्याची मागणी वाचली, ती अट वाचली. रडायचं नाही, हे शब्द वाचताना माझी नजर आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. शांता ताठ बसली होती. इतकी वर्षं मी हा अध्याय वाचत आलो, पण त्या राणीचा चेहरा मला कधी दिसला नव्हता, तो तेव्हा दिसला. तिथंच माझा राग संपला. कसाबसा हाकेपर्यंत आलो आणि रीतीप्रमाणं थांबलो. 

कुणी उठलं नाही. कुठल्याशा घरातला टीव्ही तेवढा ऐकू येत होता. मग ती म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली, दारात गेली आणि भर गल्लीत मोठ्यांदा कानडीत ओरडली, "सिद्दू! ए सिद्द्या, बारो मगा, बारो!" ये रे लेकरा, ये.

पारूकाकू भांबावून म्हणाल्या, "अज्जी, नातू हाय काय संगं?"

"न्हाई गं. माझा ल्योक. लहानपनीच हिरीत बुडाला."

"मग हाक कुनाला मारताय?"

"त्यालाच की," म्हातारी म्हणाली. "पोथीत हाक मारायची म्हणून लिवलंय, व्हय की न्हाय? दरसाल मारते मी. येनं न येनं त्येच्याकडं. हाक मारायचं काम आईचं." आणि ती शांताकडं वळून, कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं म्हणाली, "तंगी, तुझ्याचं नाव काय?"

 शांता भिंतीला धरून उठली. आम्हा सगळ्यांच्या मधून चालत उंबऱ्यापाशी गेली. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग तिनं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि हाक मारली, "मल्लूऽऽ! मल्लू, ये रे!" तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेला असेल. कुणी आलं नाही. येणार नव्हतंच. शांता तिथंच खाली बसली आणि रडायला लागली, उन्हाळ्यापासूनचं सगळं. म्हातारीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी पोथीवर डोकं टेकवून रडलो. पोथी भिजेल म्हणून पारूकाकूंनी ती माझ्या हाताखालून काढून घेतली, आणि काढता काढता त्याही रडत होत्या.

मग एकेक बाई उठली. दारात जाऊन कुणी सोन्याला, कुणी पिंकीला हाका मारल्या. ओढलेली दारं उघडली, पोरं धावत आली. आत येऊन बघतात तर सगळ्या आया रडतायत, तेव्हा बिचारी बावरून उभी राहिली. शांतानं पदरानं तोंड पुसलं आणि खोबऱ्याची वाटी स्वतः मागून घेतली. आमच्या रीतीत पहिला तुकडा आपल्या पोराचा असतो. तो तिनं हातात धरला, थोडी घुटमळली, आणि म्हातारीच्या तळहातावर ठेवला. "सिद्दूचा," म्हणाली. म्हातारीनं वाटीतला दुसरा उचलून शांताच्या तोंडात घातला. "आणि ह्यो मल्लूचा." दोघींनी खाल्ला. नंतर शांतानं सगळ्या पोरांना वाटलं, आणि मी पुढची ओळ वाचली.

त्या रात्री शांता पोटभर जेवली. लगेच सगळं ठीक झालं असं नाही, पण ती आमच्यात परत आली.

म्हातारी आरती झाल्यावर एसटी चुकेल म्हणून लगबगीनं गेली. गडबडीत नाव विचारायचं राहिलं आणि तिची कळशी घ्यायचीही राहिली. लोक म्हणतात, प्रत्यक्ष देवच येऊन गेला. मी वाद घालत नाही. तिच्या पिशवीतून भाकरीचं फडकं डोकावत होतं, आणि देव एसटीचं वेळापत्रक बघत असेल असं मला वाटत नाही. पण माझ्याशी न बोलणाऱ्या त्यानं त्या संध्याकाळी कुणालातरी बोलायला पाठवलं, एवढं मी हात जोडून मान्य करतो. तिच्यासाठी एक कळशी वरच्या फळीवर काढून ठेवलीय. गिऱ्हाईकानं बोट दाखवलं की सांगतो, ती गेलीय.

पूर्वी मला त्या गोष्टीचा शेवट खोटा वाटायचा. आता वेगळं वाटतं. ज्या आईचं पोर खरोखर परत आलं असेल, ती गोष्ट कशाला सांगत बसेल? ती त्याला न्हाऊमाखू घालेल, जेवू घालेल. ही गोष्ट पहिल्यांदा जिनं कुणी सांगितली, तिचं आलं नसणार. म्हणून तिनं ते पुढच्या ओळीत आणून ठेवलं, तुमच्या-माझ्यासाठी. शरण जाणं म्हणजे हात टेकणं, असं मी समजत होतो. शांताकडं बघून कळलं, की आपलं काम आपण करायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं.

आता बरीच वर्षं झाली. त्या वेळची पोरं मोठी झाली, वाचनात कुणाच्यातरी कमरेचा मोबाइल वाजतो. आम्हाला दुसरं मूल झालं नाही. श्रावणातल्या त्या सोमवारी मी हाकेपाशी थांबतो. सगळ्यांच्या आधी शांता दारात जाते. आधी सिद्दूला हाक मारते, मग मल्लूला. थोडा वेळ तशीच रस्त्याकडं बघत उभी राहते. आत येऊन बसली की माझ्याकडं बघून मान हलवते, आणि मी पुढची ओळ वाचतो. त्या ओळीत पोरगं हसत धावत येतं.