बोर्डीचं ‘मोबाईलमुक्त’ पॅकेज आणि बहरोटची चढण

आमच्या ओजसला, म्हणजे माझ्या नातवाला, कार्टून लावल्याशिवाय घास उतरत नाही. व्हिडिओ थांबला की तोंडही थांबतं. जूनमध्ये तो पहिलीत जाणार, डबा शाळेतच खायचा. तिथे समोर मोबाईल कोण धरणार? या काळजीने सूनबाई मानसी वाळत चालली होती. त्यावर आमच्या चिरंजिवांनी, संदेशने, उपाय शोधला. अर्थातच मोबाईलवर. बोर्डीला ‘मोबाईलमुक्त कुटुंब शिबिर’, दोन दिवस, जेवणखाण धरून.

पत्र्याच्या टपरीतून नळ-पाइपांचं दुकान उभं केलेला माणूस मी. म्हटलं, “अरे, मोबाईल बंद करायचं बटण फुकट असतं.”

“बाबा, तुमचेही पैसे भरलेत.”

भरलेले पैसे बुडवणं माझ्या रक्तात नाही. निघालो.

ठाण्याहून जाणार असाल तर अंधारातच घोडबंदर मागे टाका, नाहीतर ट्रकांच्या शेपटाला लागाल. चारोटीला डावीकडे वळून गंजाडवरून डहाणू गाठायचं. तिथून बोर्डीपर्यंतचा समुद्राकाठचा रस्ता मात्र सावकाश न्या. एका बाजूला सुरूची झाडं, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, मध्येच खाऱ्या वाऱ्याची झुळूक. हे सगळं मी पाहिलं. बाकी गाडी ‘शेवटचं’ म्हणून आपापल्या मोबाईलमध्ये होती.

शिबिराच्या दारात मोबाईल कापडी पिशवीत जमा. तासाभरात त्याच खिडकीपुढे रांग.

“पाचच मिनिटं द्या हो, ऑफिसचा कॉल आहे,” एक गृहस्थ काकुळतीला आले होते.

मागून त्यांची बायको: “मघाशीही ऑफिसच होतं का? चौकार मारल्याचा आवाज आला!”

दुपारी वाळूत रस्सीखेच. आम्ही जिंकलो, तर शिबिराचा फोटोवाला म्हणाला, “काका, परत जिंका. रील नीट आली नाही.” मोबाईलमुक्त कुटुंबांची जाहिरात मोबाईलवर जायची होती ना! तीन वेळा जिंकलो. तिसऱ्या वेळी समोरच्यांनी दोर जवळजवळ सोडूनच दिला.

खरी मजा संध्याकाळच्या पंगतीला. एका पोराने “कार्टून!” असा सूर लावला आणि बघता बघता सगळ्या हॉलने तो उचलला. आया घास हातात धरून केविलवाण्या. मॅनेजर धावत आला, त्याने प्रोजेक्टर लावला आणि पांढऱ्या भिंतीवर म्हशीएवढा उंदीर नाचायला लागला. हॉल चिडीचूप. तोंडं उघडली, घास आत.

मी मॅनेजरला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, “काका, मोबाईल तर नाही ना? ही भिंत आहे.”

ओजस भिंतीकडे बघत आ करून बसला होता. मानसीने हातातला घास ताटात ठेवला. “बाबा, उद्या इथे थांबायचं नाही. दुसरीकडे कुठेही चला.”

सकाळी नाश्त्याला तिने ओजसला भिंतीकडे पाठ करून बसवलं. तो उपाशीच उठला. मोबाईल परत घेतले, घोलवडला थेपले आणि कैरीचा गोड छुंदा बांधून घेतला आणि अस्वालीच्या बाजूने बहरोटचा डोंगर धरला. वर कातळात पारशी मंडळींची पवित्र गुहा आहे; आब राखून जा. पाणी भरपूर घ्या, वाटेत दुकान नाही.

पहिल्याच चढावर ओजस बसला. संदेशने त्याला खांद्यावर घेतलं. पायथ्याशी बोरं विकणारी बाई हसली, “पाय घरी ठेवून आनलं काय पोराला?”

ओजसला ते झोंबलं. उतरला आणि फुरंगटून चालायला लागला. मागून मानसी दर वळणावर कुजबुजत होती, “पोटात काही नाही त्याच्या. चक्कर आली तर?”

वर सावलीत तिने थेपले कागदावर मांडले आणि म्हणाली, “ओजस, मी भरवणार नाही. माझा हात दुखतोय.” आम्ही खायला लागलो. तो आमच्या तोंडांकडे पाहत राहिला. मग त्याने एक तुकडा तोडला, छुंद्यात बुडवला, हनुवटीभर माखला. मग दुसरा. संदेशचा हात खिशाकडे गेला, व्हिडिओ काढायला. मानसीने त्याचं मनगट धरलं. “तूही जेव.”

उतरून तलासरीमार्गे हायवेला लागलो. शिबिराचं उरलेलं जेवण बुडालं. मी, चक्क मी, हिशेब काढला नाही.

आता आठवडा झालाय. डोंगराने जादू केली असं लिहिलं, तर त्या मॅनेजरमध्ये आणि माझ्यात फरक काय? पहिले दोन दिवस ओजस ताटावर नुसता रडला. मानसी हलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवला. आता जेवतो, पण कार्टूनच्या जागी त्याला माणसं लागतात, आणि दर घासाला एक प्रश्न. पंधरा मिनिटांत उरकणारं जेवण तासभर चालतं.

काल संदेश वैतागला. “रोज एवढा वेळ आणायचा कुठून?”

मानसीने वरण वाढता वाढता सांगितलं, “तुझ्या मोबाईलमधून.”

त्याने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी भातात लक्ष घातलं.

“बाबा, सांग ना,” ओजस त्याची बाही ओढत म्हणाला, “कावळ्याला कोण वाढतं?”

संदेशने पोळी खाली ठेवली आणि विचार करायला लागला.